टाच दाबा, टाळ्या मिळणार नाहीत

आषाढ लागला की मावळात दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक भातलावणीचा आणि दुसरा मांडीमागची शीर ओढून घेण्याचा. पहिला खाचरात दिसतो. दुसरा सोमवारी सकाळी पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांबाहेर एका पायावर भार देऊन उभा असतो. केसपेपरवर कारण लिहिलेलं असतं, 'ट्रेकला पाय घसरला'. शनिवारी रात्री अडीचपर्यंत जागलो, घाटात तीन तास गुडघे दुमडून गाडीत बसलो, उतरल्याउतरल्या मेव्हण्याशी पैज लावून लोहगडाच्या पायऱ्या पळत चढलो, एवढं सगळं त्या एका ओळीत मावत नाही.

मावत नाही तेच निदान.

मांडीच्या मागे तीन स्नायू असतात. आपण खुर्चीवर बसतो तेव्हा जे हाड खाली टेकतं, तिथून ते निघतात आणि गुडघा ओलांडून खालच्या पायाच्या हाडांना जाऊन मिळतात. म्हणजे वर खुबा, खाली गुडघा, आणि हुकूम दोघांचाही. दोन साहेबांच्या हाताखाली काम करणाऱ्या कारकुनाचं जे होतं, तेच या स्नायूंचं होतं. गुडघा दुमडणं आणि मांडी मागे नेणं ही त्यांची कामं सगळ्यांना ठाऊक असतात. तिसरं काम कुणी विचारत नाही. पळताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा टाच टेकण्याआधी त्या सुटलेल्या पायाला आवरायचं, हेही यांच्याच गळ्यात. त्या क्षणी स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबता जोरही लावत असतो. बहुतेकदा फाटतो तो तिथेच. त्यातही बळी जातो तो बाहेरच्या बाजूचा.

हे प्रात्यक्षिक फुकट पाहायचं असेल तर रविवारी संध्याकाळी मळवली स्टेशनवर उभं राहावं. भाजे लेणी, लोहगड, विसापूर उरकून आलेली मंडळी चहा पीत असतात. तेवढ्यात पुण्याची लोकल दिसते. दिवसभर डोंगर चढउतार करून पेंगुळलेले पाय अचानक शंभर मीटरच्या शर्यतीला उभे केले जातात. पाठीवर सॅक, हातात भज्यांचा पुडा. पहिल्या काही ढांगा झकास पडतात. मग माणूस गपकन थांबतो आणि मागे वळून पाहतो, मागून कुणी दगड मारला की काय म्हणून. कुणी मारलेला नसतो.

दुसरी तऱ्हा गडावरची. शेवाळलेली पायरी, पुढचा पाय सरकत जातो, गुडघा सरळ राहतो आणि धड पुढे झुकतं. इथे इजा वरच्या अंगाला, बसायच्या हाडाजवळ होण्याची शक्यता जास्त. ही जात लबाड. स्वीडनच्या कार्ल आस्कलिंग यांनी धावपटूंच्या आणि नर्तकांच्या अशा दुखापतींची तुलना केली. पाय ताणला जाऊन झालेली नर्तकांची दुखापत सुरुवातीला सौम्य वाटली आणि बरी व्हायला मात्र धावपटूंपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. तेव्हा 'फारसं दुखत नाहीये, पुढच्या रविवारी तिकोना करू' असं म्हणणाऱ्याची शीर नेमकी कुठे ओढली गेली आहे, हे आधी विचारावं.

पण दुखापत झाल्यावरची पहिली पंधरा मिनिटं महत्त्वाची, कारण खरं नुकसान करणारे लोक त्या वेळी हजर असतात. स्थळ लोहगडवाडी, चहाच्या टपरीसमोरची प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत साधारण चाळिशीचे गृहस्थ, एक पाय पुढे लांब केलेला, तोंड वाकडं. भोवती सगळा ग्रुप.

"काका, पाय वर करा, मी ताणतो. आमचा जिमवाला असंच करतो."

"ताणू नका हो, आधी चोळा. चांगला अंगठा रुतवून चोळा."

"बाम आहे का कुणाकडे? स्प्रे? मागच्या ट्रेकला होता ना तो?"

"मला तर उसण वाटते. ग्रुपमध्ये कुणी पायाळू आहे का?"

शेवटचा प्रश्न विचारणारी बाई आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची चाल जुनी. जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याच्या लाथेत गुण असतो म्हणतात. लाथ फुकट असते, अपॉइंटमेंट लागत नाही आणि मारणाऱ्यालाही समाधान मिळतं. तेव्हा या उपचाराची लोकप्रियता मी समजू शकतो. त्या ग्रुपमध्ये तीन एमबीए निघाले, एक सीए निघाला, पायाळू एकही निघाला नाही. काकांची मांडी वाचली.

टपरीवाल्या मावशी दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याकडे बघत होत्या. न वळताच म्हणाल्या, "आवं दादा, त्येंना आदी नीट बसू तर द्या. वढू नका त्येंचा पाय. शीर हाय ती, दोर न्हाई."

पहिल्या दोन दिवसांचा सगळा वैद्यकीय सल्ला त्या तीन वाक्यांत आला. ताणायचं नाही, रगडायचं नाही. फाटलेल्या तंतूंमधून आत रक्त झिरपत असतं. त्यावर अंगठा रुतवणारा हितचिंतक ते आणखी पसरवतो. जबर मार असेल आणि वर जोरजोरात मालिश होत राहिलं, तर क्वचित त्या जागी हाडासारखी गाठही धरते. गरम विटेचा शेक आणि शेकल्यावर घ्यायचा तो 'थोडासा' पेग, दोन्हींमुळे रक्ताला आणखी वाट मिळते. पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा, दुखणं कमी करायला फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावावा आणि टेकत, लहान पावलांनी, जमेल तेवढं चालावं. एवढंच. यात कुणालाच आपला हात दाखवायची संधी नसल्यामुळे हा उपाय ग्रुपमध्ये मंजूर होत नाही.

बर्फाचंही एक प्रकरण आहेच. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ही चौकडी १९७८ साली अमेरिकेतले डॉक्टर गेब मिर्किन यांनी एका पुस्तकातून रूढ केली. जगभरच्या प्रथमोपचाराच्या पेट्यांवर ती चढली. पुढे साडेतीन दशकांनी याच मिर्किननी सांगितलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती, दोन्हींमुळे भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. ज्यानं बर्फ दिला त्यानंच तो मागे घेतला, पण आपल्याकडे अजून शाळेच्या क्रीडादिनाला पहिला आवाज उठतो तो 'बर्फ आणा' असाच. दुखणं बधिर करायला तो चालतो. जखम भरून काढायचं कंत्राट त्याच्याकडे नाही.

दोन दिवस उलटले की घरात दोन पक्ष पडतात.

पहिला पलंग पक्ष. यात आई, सासू, एक निवृत्त काका आणि घरबसल्या काम करायची मुभा देणारा मॅनेजर असतो. जाहीरनामा एकच, 'हलू नकोस'. उशी इकडून, चहा तिकडून, आंबेहळदीचा लेप दिवसातून दोनदा. पेशंटही या पक्षावर खूश असतो, कारण लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला पाणी हातात मिळत असतं. दुसरा पक्ष पुढचा रविवार पक्ष. याचं अधिवेशन व्हॉट्सॲपवर चालतं. 'अरे काही नाही होत, वॉर्मअप करून ये', 'नी कॅप लाव', 'पेनकिलर घे आणि चल, राजमाची आहे, सपाटच आहे'. मांडीला लागलेलं असताना गुडघ्याला टोपी घालण्याचा सल्ला देणारा सदस्य बहुधा ग्रुपचा ॲडमिन असतो.

पहिला पक्ष स्नायूला गंज चढवतो, दुसरा तो पुन्हा फाडतो. दुसऱ्या पक्षाचं पाप सगळ्यांना दिसतं. पहिल्याचं दिसत नाही, कारण ते प्रेमानं केलेलं असतं. म्हणून त्याचा हिशेब मुद्दाम देतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक प्रयोग छापला. मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू दुखावलेले ५० हौशी खेळाडू घेतले. हौशी म्हणजे आपल्यातलेच, पगारी नव्हेत. निम्म्यांचे व्यायाम दुखापतीनंतर दोन दिवसांनी सुरू केले, निम्म्यांचे नऊ दिवसांनी. पहिल्या गटाला खेळात परतायला ६२.५ दिवस लागले आणि दुसऱ्याला ८३. एक आठवडा लोळण्याचा दंड जवळपास तीन आठवडे. सावकारानंसुद्धा लाजावं असं व्याज आहे हे. बरं, लवकर हललेल्यांच्या शिरा पटापट पुन्हा तुटल्या म्हणावं, तर तसंही काही झालं नाही.

मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून करायचं काय? इथे वाचकांची घोर निराशा होणार आहे.

पाठीवर झोपायचं. दुखऱ्या पायाचा गुडघा थोडा दुमडायचा. टाच गादीत दाबायची. पाच ते दहा सेकंद दाबून धरायची, सोडायची. असं दहा वेळा. झालं.

काही हललं का? नाही. घाम आला का? नाही. बाजूला बसलेल्या बायकोला कळलं तरी का, की आपला नवरा या क्षणी पुनर्वसन करतो आहे? तिला तो छताकडे बघत पडलेला दिसतो. पण आतून स्नायू आवळला जातोय, भरून येणाऱ्या तंतूंना कुठल्या दिशेनं रांग धरायची ते कळतंय, आणि 'हा पाय अजून नोकरीवर आहे' असा निरोप मेंदूला पोचतोय. जोर किती लावायचा? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे बोंब, अशी पट्टी धरली तर दुखणं तीनच्या वर जाता कामा नये. सहापर्यंत सोसून दाखवणारा शूर नव्हे, त्याला मोजता येत नाही इतकंच.

ते जमलं की टाच गादीवरून घासत नितंबाकडे आणायची आणि परत न्यायची. मग पालथं झोपून गुडघा हळू वाकवायचा, पायाला कसलंही वजन न बांधता. मग दोन्ही गुडघे दुमडून, दोन्ही तळवे टेकून, कंबर उचलायची आणि खाली आणायची. दोन पायांवर ते निवांत व्हायला लागलं की नंतर एका पायावर. आस्कलिंग यांचा एक व्यायाम आहे. पाठीवर झोपून मांडी दोन्ही हातांनी उभी धरायची आणि गुडघा सावकाश सरळ करत न्यायचा, दुखायला लागणार त्याच्या अलीकडे थांबायचं आणि परत यायचं. बाराचे तीन फेरे, दिवसातून दोनदा. त्यांनी हा आणि स्नायू लांबवत ताकद वाढवणारे आणखी दोन व्यायाम स्वीडनमधल्या ७५ फुटबॉलपटूंवर पाचव्या दिवसापासून तपासले. या रीतीनं गेलेले सरासरी २८ दिवसांत परतले, नेहमीच्या रीतीनं गेलेले ५१ दिवसांत. २०१३ ची ही गोष्ट.

आणि एक नियम, जो कुठल्याच रीलमध्ये सांगत नाहीत. व्यायाम बरोबर झाला की नाही, हे व्यायाम करताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. उठल्यावर पाय कालपेक्षा जास्त आखडला असेल, तर काल जास्त झालं. एक पायरी खाली उतरायचं. तसाच असेल किंवा बरा असेल, तर पुढे जायचं. गुडघ्यावर उभं राहून, घोटे कुणाला तरी धरायला लावून पुढे झुकण्याचा जो नॉर्डिक व्यायाम सध्या गाजतोय, तो उत्तम आहे. डेन्मार्कमधल्या ९४२ फुटबॉलपटूंवर त्याची परीक्षा झाली आणि दुखापती झपाट्यानं कमी झाल्या. पण तो शीर तुटू नये म्हणून करायचा. कालच तुटलेल्या शिरेवर तो करणं म्हणजे दुसरा केसपेपर काढणं.

आता सांगा, यातलं काय फोटोत येतं? लोहगडाच्या विंचूकाट्यावर ढगात उभं राहून फोटो काढला की तीनशे बदाम पडतात. गादीत टाच दाबतानाचा फोटो टाकून बघा. सख्खा भाऊसुद्धा 'बरा आहेस ना?' असं विचारेल. तक्रार आहे ती ही. या दुखण्यावरचा उपाय महाग नाही, अवघड नाही, दुर्मीळ तर मुळीच नाही. तो कंटाळवाणा आहे. आणि कंटाळा सोसण्याची शक्ती दवाखान्यात मिळत नाही, जिममध्ये मिळत नाही, चिक्कीच्या दुकानात तर नाहीच.

गंमत अशी की ही शक्ती ज्या गावात मिळायची तिथेच आपण शीर तोडायला येतो. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम निघालं. स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. त्याच वर्षी त्यांनी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. आसनं, प्राणायाम, क्रिया यांचे गुण गाणारे तेव्हाही रग्गड होते. हा माणूस क्ष-किरण यंत्र आणि दाबमापक घेऊन बसला. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत दाब किती उतरतो, ते यंत्र लावून मोजलं आणि मग बोलला. आधी मोज, मग बोल, अशी ती शिस्त. शंभर वर्षं झाली. आज त्याच गावाच्या रिसॉर्टांत सकाळच्या सत्रात, काल गडावर लंगडलेल्या पाहुण्याला प्रेमानं सांगितलं जातं, "सर, पश्चिमोत्तानासन करा, एकदम मोकळं होईल."

मोकळं होईल खरं. जे दोन दिवसांत कसंबसं चिकटलं आहे, ते पुन्हा मोकळं होईल. पाय लांब करून पुढे वाकणं म्हणजे नेमका त्याच स्नायूला दोन्ही टोकांनी ओढणं. पहिल्या आठवड्यात ते करायचं नसतं. आसनाचा यात दोष नाही, मुहूर्त चुकतो. धडधाकट माणसानंही रोज हट्टानं कपाळ गुडघ्याला लावायचं ठरवलं, तर बसायच्या हाडाजवळची शीर दुखावते. योगाच्या वर्गांतून येणारी ही तक्रार फिजिओंच्या ओळखीची आहे. कुवलयानंदांनी विचारलं असतं की कुणाला, कधी, किती? आपण विचारतो की किती दिवसांत?

'किती दिवसांत' याचं उत्तर मोठमोठ्यांना मिळालेलं नाही. १८ ऑक्टोबर २०२० ला दुबईत मुंबई आणि पंजाब यांचा आयपीएलचा सामना दोन सुपर ओव्हरपर्यंत गेला, तेव्हा रोहित शर्माच्या मांडीमागचा स्नायू दुखावला. आठवड्याभरानं ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे संघ जाहीर झाले, त्यांत तो नव्हता. ३ नोव्हेंबरला तो मैदानात उतरला. १० नोव्हेंबरला अंतिम सामन्यात ६८ धावा काढून चषकही उचलला. सगळ्या देशाला वाटलं, झाला बरा. त्यानंतर तो बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत पुनर्वसनासाठी गेला. तंदुरुस्तीची चाचणी पार झाली ११ डिसेंबरला आणि कसोटी खेळायला मिळाली ती ७ जानेवारीला, सिडनीत. मधल्या काळात कर्णधार कोहलीनं पत्रकार परिषदेत सांगून टाकलं की याच्या प्रकृतीबद्दल आम्हाला काही स्पष्ट कळवलेलंच नाही. देशातलं सगळ्यात श्रीमंत क्रीडामंडळ, पगारी फिजिओ, स्कॅनची यंत्रं, आणि एका मांडीबद्दल तिघांची तीन मतं. तिथे तुमच्या निवृत्त काकांनी पलंग आणि ॲडमिननं राजमाची सुचवली, तर बिचाऱ्यांना किती बोल लावणार?

आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान आठवतो? २१ जुलै २०११, लॉर्ड्स. पहिल्याच दिवशी दोन बळी घेतले आणि १३.३ षटकं टाकून मांडी धरत बाहेर गेला. त्या मालिकेत पुन्हा कसोटी खेळला नाही आणि भारत ४-० असा हरला. एक स्नायू आखडला आणि अख्खा गोलंदाजीचा कणा बसला. मावळच्या गावजत्रेतल्या कबड्डीत तर हे दर वर्षी घडतं. चढाईला गेलेला पोरगा बोनस रेषेकडे पाय फेकतो, मागचा पाय घसरतो आणि गप्पकन मांडी धरतो. त्याच्यासाठी बंगळुरू म्हणजे पंचांच्या टेबलाखालचा स्प्रे. दोन फवारे मारतात, पब्लिक टाळ्या वाजवतं आणि तो परत चढाईला जातो. त्याला खाली बसवणाऱ्यासाठी कुणी टाळी वाजवत नाही.

आणि ज्यांना बसताच येत नाही, त्यांचं काय? लोहगडाच्या वाटेवर रिल्स काढताना मागे हिरवंगार दिसतं ते खाचर. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी तांदूळ बाहेर पडला आणि मावळच्या भाताला नाव मिळालं. तो लावणाऱ्या बाया कमरेतून वाकतात, गुडघे जवळपास सरळ, पाय पोटरीपर्यंत चिखलात, आणि तशाच दिवसभर मागे मागे सरकत राहतात. तुमच्याआमच्या मांडीमागचा स्नायू ज्या अवस्थेत अर्धं मिनिट टिकत नाही, त्या अवस्थेत त्या मजुरी करतात. चिखलात पाय सरकून त्यांचीही शीर ओढली जाते. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा खाचरात. लवकर हालचाल सुरू करावी हा डेन्मार्कचा निष्कर्ष त्यांच्या बाबतीत आपोआप अमलात येतो, फक्त दहा वेळा टाच दाबण्याऐवजी आठ तास वाकायचं असतं. आंदर मावळातल्या किंवा नाणे मावळातल्या वाडीवरून फिजिओकडे जायचं, तर एसटी धरून वडगाव नाहीतर तळेगाव गाठायचं. त्या दिवसाची मजुरी कोण देणार? आपल्याला कंटाळा परवडतो आणि आपण तो करत नाही. त्यांनी तो आनंदानं केला असता.

तेव्हा पलंग आणि पैज या दोन्हींच्या मधली वाट धरायची. त्याआधी एवढं बघा. पाय ओढला गेला तेव्हा 'टक्' असा आवाज आला होता का? बसायच्या हाडाशी खड्डा पडल्यासारखा लागतो का? दोन दिवसांत मांडी मागून काळीनिळी पडली का? पायावर भार टाकताच येत नाही, पायाला मुंग्या येतात, असं आहे का? यातलं एक जरी 'हो' असेल, तर टाच दाबत बसू नका, थेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. स्नायू हाडापासून उखडला असेल तर कधी कधी शस्त्रक्रिया लागते आणि ती लवकर झालेली बरी. पोटरीच्या मागे दुखत असेल आणि पाय सुजून गरम लागत असेल, तर ते वेगळंच काही असू शकतं. तिथे ॲडमिनला विचारू नका.

यातलं काही नसेल, तर आधी न लंगडता चाला. मग भरभर चाला. मग सपाटीवर हळू पळा. मग जोरात. एका पायावर कंबर उचलताना दोन्ही बाजू सारख्याच जोराच्या वाटल्या पाहिजेत. हे सगळं निमूट झालं, की मग गड. ज्याला ही शीर एकदा लागली, त्याला ती पुन्हा लागण्याची शक्यता इतरांहून जास्त असते. आणि पुन्हा लागलेली शीर पहिल्यापेक्षा जास्त दिवस खाते. लोहगडाला घाई नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, चारही दरवाजे जागच्या जागी आहेत. जुलै २०२५ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीतही गेला, म्हणजे आता युनेस्कोही राखण करतंय. तुमच्यावाचून तो दोन महिने काढेल.

तोवर रविवारी लोणावळ्याला यायचंच असेल, तर जरूर या. हळू उतरा, दुकानापर्यंत हळू चाला, चिक्की घ्या आणि गाडीत बसून खा. चिक्की चावायला मांडीमागचा स्नायू लागत नाही. दात तुटला तर पुढच्या आठवड्यात बघू.